त्याच्या कानात माझं इंग्रजी

"आत जा," मिस हान म्हणाली. "पालक आलेत."

मी आत गेले. आत म्हणजे सामानाची खोली. चित्रांच्या कार्डांची खोकी, प्लास्टिकची फळं, कोपऱ्यात बादली आणि पोछा. बसायला एक स्टूल. भिंतीवर छोटा टीव्ही होता, त्यात शेजारचा वर्ग दिसायचा. मी स्टुलावर बसले आणि कॉलिनला फोन लावला.

कॉलिन वर्गात उभा होता. उंच, गोरा, सोनेरी केस कानावर आलेले. त्या केसांखाली इअरफोन. इअरफोनमध्ये मी.

"सफरचंदाचं कार्ड वर धर," मी हळू आवाजात सांगितलं. त्यानं धरलं. "आता विचार, व्हॉट इज धिस?" त्यानं विचारलं. पोरं ओरडली. मागच्या खुर्च्यांवर बसलेले आईबाप खूश झाले.

व्हिएतनाममधल्या समुद्राकाठच्या एका शहरातली ही खाजगी इंग्रजी शिकवणी. दर रविवारी नव्या पालकांसाठी नमुन्याचा तास व्हायचा. धडा मी लिहायचे. कार्डं मी कापायचे. वाक्यं माझी. चेहरा कॉलिनचा. माझा चेहरा पालकांना चालणार नाही, असं मिस हाननं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. ती मालकीण. रागानं सांगितलं नव्हतं. भाजीवाला गिऱ्हाइकाला कोणती मेथी खपते ते सांगतो, तसं सांगितलं होतं.

त्या रविवारी एक लहान मुलगी वर्गातून उठली आणि बाथरूम समजून माझं दार उघडलं. मी फोन तोंडाशी धरून बसलेली. तिच्यामागे तिची आई आली. आईनं मला पाहिलं, फोन पाहिला, टीव्ही पाहिला. तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. तेवढ्यात मिस हान आली. हसून म्हणाली, "लाओ काँग."

हा शब्द मला कळत होता. सकाळी झाडायला यायच्या त्या बाईंना तिथे तसंच म्हणायचे. सफाईवाली.

मिस हाननं माझ्याकडे पाहिलं. मग बादलीकडे पाहिलं. बोलली काही नाही.

मी फोन खिशात ठेवला. पोछा उचलला. फरशी पुसायला लागले. फरशी स्वच्छ होती. मी पुसली. त्या आईच्या पायांपाशी थांबले, ते सरकले तसं तिथलंही पुसलं. टीव्हीत कॉलिन हातात सफरचंद घेऊन कॅमेऱ्याकडे बघत उभा होता. तो पुढच्या वाक्याची वाट बघत होता.

त्या गेल्यावर मी फोन काढला आणि म्हणाले, "आता केळं दाखव."

पोछ्याची लाज नाही. माझी माय दोंडाईच्याला मिरची वाळत घालायच्या पथारीवर देठ खुडायला जाते. लहान होते तेव्हा ती संध्याकाळी मला हात लावायची नाही. तिच्या बोटांची आग माझ्या डोळ्यांत जायची. आबा बाजार समितीत मापाडी. आमच्या घरात सगळ्यांनी हातानंच काम केलं. लाज याची, की मला कोणी सांगितलंसुद्धा नाही. नुसतं पाहिलं, आणि मी पुसलं.

त्या दिवशी मला रडू आलं नाही. रागही आला नाही. खोलीवर जाऊन भात खाल्ला. मायचा फोन आला. "जेवनी का वं? बरं शे ना तठे?"

"बरं शे," मी म्हणाले.

मी तिथे कशी गेले ते सांगते. शिरपूरला राहून इंग्रजीत बीए केलं, मग बीएड. आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी पहिली. वर्गात मी उत्तर द्यायला उभी राहिले की मागच्या बाकावरून हळूच "यस शे, यस शे" यायचं. शे म्हणजे आमच्या अहिराणीत आहे. मी खाली बसले नाही. शिकले. धुळ्याच्या एका शाळेत दोन वर्षं शिकवलं. तिथे आम्ही कायम नव्हतो. उन्हाळा आला की घरी, जून आला की पुन्हा अर्ज.

मग परदेशात नोकरी लावून देणारे जळगावचे भूषण सर भेटले. मोबाईलच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. भिंतीवर विमानाचं मोठं चित्र. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारख्यांची किंमत इथे कोणाला नाही. बाहेर आहे." मला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी बीए, बीएडची ओरिजनल मागितली. व्हेरिफिकेशनला लागतात म्हणाले. मी फाइल त्यांच्या टेबलावर ठेवली. एका कागदावर सही केली. दोन वर्षं काम सोडायचं नाही, सोडलं तर कागदपत्रं परत मागायची नाहीत, असं त्यात लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं. वाचून सही केली. हे मी लपवणार नाही.

तिथे उतरल्यावर मिस हाननं पासपोर्ट घेतला. "सांभाळून ठेवते." व्हिसा पर्यटकाचा होता. दर तीन महिन्यांनी ती मला बसमध्ये बसवून सरहद्दीवर पाठवायची. सोबत तिचा माणूस. पासपोर्ट त्याच्या हातात. पलीकडे जायचं, शिक्का घ्यायचा, परत यायचं. माझ्या छातीवर बिल्ला होता, त्यावर असिस्टंट लिहिलेलं. नमुन्याचा तास झाला, पोरांची नावं नोंदवली गेली, की सोमवारपासून शिकवायचे मीच. दिवसाला सात वर्ग. पोरं मला 'को' म्हणायची, म्हणजे बाई. मधूनमधून कॉलिन येऊन पोरांशी फोटो काढून जायचा.

पगार किती ठरला आणि किती मिळाला, ते मी सांगत नाही. तेवढंच सगळे विचारतात.

कॉलिन वाईट नव्हता. तो त्याच्या देशात गोदामात सामान हलवायचा. फिरायला आला, राहिला. क्रियापद कशाला म्हणतात ते त्याला माहीत नव्हतं. पोछ्याच्या दिवसानंतर त्यानं एकदा मला विचारलं, "तुला राग येत नाही का?" मी सांगितलं, "येत नाही." खरं होतं ते. येत नव्हता. दात काढताना हिरडीला इंजेक्शन देतात, तसं सगळं झालं होतं. बोट लावलं तर बोट कळतं, गाल कळत नाही. मी शिकवायचे, गाणी म्हणायचे, पोरांबरोबर उड्या मारायचे. आत काही हलत नव्हतं.

आणखी एक सांगते. मी तिथे नकार दिला नाही. लोकांना वाटतं मी भांडून आले. तसं नाही. एक दिवस सरकारी तपासणी येणार असं कळलं. मिस हाननं दुसऱ्या दिवशीचं तिकीट आणि पासपोर्ट माझ्या हातात ठेवला. वर्गातल्या पोरांना मला सांगताही आलं नाही. तिनं काढलं, म्हणून मी आले.

घरी आले तर आबांनी आधीच गल्लीत सांगून ठेवलेलं. पोरगी फॉरेनला प्रोफेसर होती. बाजार समितीतले लोक चहाला येऊन गेले. मी ट्रे घेऊन बाहेर आले, हसले, आत गेले. पलंगावर बसून भिंतीकडे बघत राहायचे. माय वाटी पुढे सरकवायची. मी खायचे.

दोन महिन्यांनी भूषण सरांचा फोन आला. दोन वर्षं पूर्ण केली नाहीत म्हणून बोलतील असं वाटलं होतं. ते बोललेच नाहीत. "मॅडम, जळगावला आपला कार्यक्रम आहे. तुमचा सत्कार ठेवलाय. आईवडिलांना घेऊन या. चार शब्द बोला. ओरिजनल तिथेच देऊन टाकतो."

आम्ही गेलो. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मायनं लग्नातली साडी. हॉलच्या दाराशी बॅनर होता. त्यावर माझा फोटो, खाली 'दोंडाईच्याची कन्या परदेशात प्राध्यापिका'. फोटोतला चेहरा माझ्यापेक्षा बराच उजळ केलेला. आबा म्हणाले, "उभी ऱ्हाय तठे." आणि त्यांनी मोबाईलवर माझा फोटो काढला. एकीकडे मी, एकीकडे ती उजळ मी.

हॉल भरलेला. बहुतेक मुली. माझ्या शेजारी वरणगावची दीपाली बसली होती. वडील फॅक्टरीतून रिटायर झालेले, तिच्या पलीकडच्या खुर्चीत. तिच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल. ती दोन्ही हातांनी धरलेली.

"ताई, ते बॅनरवर तुम्हीच ना?"

"हो."

"मी पुढच्या महिन्यात जातेय. तिथे नीट वागवतात ना?"

मी तिच्या फाइलकडे पाहिलं. पारदर्शक होती. वरच बीएडचं प्रमाणपत्र. ओरिजनल.

मी उत्तर दिलं नाही. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

स्टेजवर शाल दिली, नारळ दिला. भूषण सरांनी माझ्या हातात इंग्रजीत टाइप केलेला कागद ठेवला. मी बोलायचे ते चार शब्द त्यांनी लिहून आणले होते. पहिलं वाक्य होतं, धिस ओपोर्च्युनिटी चेंज्ड माय लाइफ. त्यात स्पेलिंगची चूक होती. मी ती चूक बघत राहिले.

तेव्हा माझ्या आत काहीतरी हललं. वर्षभरानं. मोठं काही नाही. पुन्हा एकदा कोणीतरी माझ्या तोंडात वाक्य घालत होतं, आणि ते वाक्यसुद्धा चुकलेलं होतं.

मी कागद टेबलावर ठेवला आणि मराठीत बोलले.

"मी तिथे प्राध्यापिका नव्हते. माझ्या बिल्ल्यावर असिस्टंट लिहिलेलं होतं. माझा पासपोर्ट माझ्याजवळ नव्हता. व्हिसा पर्यटकाचा होता, कामाचा नव्हता. पालक आले की मला सामानाच्या खोलीत बसवायचे. मी तिथून सांगायचे आणि दुसरा माणूस बोलायचा. एकदा एका आईनं मला पाहिलं, तर मालकिणीनं सफाईवाली म्हणून सांगितलं. मी पोछा मारला. मी बीएड आहे. माझी ओरिजनल प्रमाणपत्रं या सरांकडे आहेत. सर, द्या ती."

भूषण सर हसले. "मॅडमचा प्रवास झालाय, जरा थकल्यात," ते म्हणाले आणि कोणाला तरी हात केला. माइक बंद झाला.

मी धुळ्याला सत्तर पोरांच्या वर्गात पंख्याच्या घरघरीवर शिकवलंय. मी माइक खाली ठेवला आणि तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

मग दोन माणसांनी मला पायऱ्यांवरून खाली आणलं. धक्का दिला नाही. फक्त दंड धरले. शाल स्टेजवर राहिली.

प्रमाणपत्रं मिळाली नाहीत.

परतीच्या गाडीत आबा खिडकीबाहेर बघत होते. अमळनेर गेल्यावर म्हणाले, "बठ्ठासमोर ती गोट कसाले काढी?" सगळ्यांसमोर कशाला काढलंस. मी म्हणाले, "सगळेच तिथे होते म्हणून." त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बाजार समितीत जायचे बंद झाले होते. मग गेले. तिथे कोणी काय म्हटलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मायनं घरी आल्यावर एकच विचारलं. "माले काबर नही सांगं तू?" मला का नाही सांगितलंस. ती चुलीपाशी बसून होती. मी तिच्याजवळ बसले. सांगायला गेले तर तोंडातून आवाज निघेना. भर हॉलमध्ये निघाला होता.

पोलीस ठाण्यात गेले. हवालदार म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या हातानं दिली ना? सहीपण तुमचीच ना?" मी म्हणाले, हो, माझीच, लिहून घ्या. तीन चकरा झाल्यावर अर्ज घेतला. विद्यापीठात दुय्यम प्रतीसाठी फॉर्म भरलाय. भूषण सरांच्या वकिलाची नोटीस आली, बदनामीची. ती मी दोनदा वाचली. मायला वाचून दाखवली.

दीपाली गेली. तिच्या वडिलांनी माझा नंबर शोधून फोन करून सांगितलं. म्हणाले, "पोरी, तुझं खरं असेल. पण तिकीट झालंय. प्रत्येकाचं नशीब सारखं नसतं." मी त्यांना तिचा नंबर मागितला. त्यांनी दिला नाही.

त्या रात्री मला राग आला. आधी ओळखताच आला नाही. वाटलं ताप आहे. गाल गरम, हात गरम. मग कळलं. मिस हानचा नव्हता, भूषण सरांचाही नव्हता. माझाच होता. दीपालीनं विचारलं होतं, तिथे नीट वागवतात का. खुर्चीत बसल्या बसल्या, तिच्या एकटीच्या कानात, मी 'नाही' म्हणू शकले असते. तिला स्टेजवरचं भाषण नको होतं. तिला उत्तर हवं होतं.

आता मी दोंडाईच्यात शिकवण्या घेते. पोरांना इंग्रजी शिकवते. 'शे' म्हणालं तर हसत नाही, कोणाला हसू देत नाही.

रविवारी शिकवणी नसते. या रविवारी भूषण सरांचा कार्यक्रम धुळ्यात आहे. मी सकाळच्या गाडीनं जाणार आहे. आत सोडणार नाहीत, माहीत आहे. मी दाराबाहेर रस्त्यावर उभी राहणार. रस्ता त्यांचा नाही. फाइल घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलीला थांबवून माझं नाव सांगणार, आणि तिनं विचारण्याआधी सांगणार, नीट वागवत नाहीत. ओरिजनल देऊ नको. ती थांबली तर बाकीचं सांगेन. नाही थांबली, तर तिच्या मागच्या मुलीला सांगेन.

त्याच्या पुढच्या रविवारी ते जिथे जातील, तिथे मी जाईन.