सुमन मॉलचं नवं नाव

जिनिंग मिलमध्ये नुसतं उभं राहिलं तरी अंगाला कापूस चिकटतो. मॉलच्या बाकावर रोज बसणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांना किस्से तसेच चिकटलेत. मी चाळीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. पण किस्सा रंगवता येईल याची खात्री नाही. सांभाळून घ्या.

*

जळगावातला हा मॉल आमच्या बाकावरच्या नानांनी बांधला आणि बायकोचं नाव दिलं, सुमन मॉल. वय झाल्यावर पुण्याच्या कंपनीला विकला. कंपनीने ठरवलं, नवं नाव 'टाउननेस्ट'. विकताना नावाचा विषय निघालाच नव्हता. नाना त्या दिवशी चहा न पिताच उठले.

*

कंपनीची एक मुलगी फॉर्म घेऊन आली. "ही जागा रंग असती, तर कोणता?"

आमचे सोनवणे साहेब, निवृत्त बँक मॅनेजर, म्हणाले, "हिरवा. भरताच्या वांग्याचा."

"वांगं जांभळं असतं ना, सर?"

"बेटा, तू पहिल्यांदाच आलीस का इकडे?"

मी तो फॉर्म घरी नेला. दोन दिवस विचार करून तळटीपांसह भरला. मग वाटलं, चुकलं असेल. दिलाच नाही.

*

पिंप्राळ्याच्या घरून निघताना मी मुद्दाम रिक्षावाल्याला नवं नाव सांगितलं.

"हे कुठं आलं, आबा?"

बारा वर्षं रोज जातो तिथे, पण त्याने इतक्या ठामपणे विचारलं की मलाच शंका आली. मी घरी परतलो.

*

नाना मॅनेजरकडे गेले. "मागच्या गेटवर छोटी पाटी तरी राहू द्या."

पोरगा भला होता. हेड ऑफिसला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नाही.

नाना बाकावर येऊन बसले. "एका शब्दानं विचारलं नाही हो. सरळ नाव बदलून टाकलं."

शेजारी नानांच्या पत्नी अक्का मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माले तरी कोनी इचारं व्हतं?"

अक्का माहेरच्या वत्सला, शिंदखेड्याच्या. पन्नास वर्षांपूर्वी लग्नात नानांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'सुमन' लिहिलं, तेव्हापासून सुमन. मी माझ्या लग्नातलं ताट आठवत बसलो.

*

नव्या नावाच्या कार्यक्रमाला मॅनेजरने दीपप्रज्वलनाचा मान अक्कांना दिला. निवेदिका नाव विचारायला आली. नानांनी तिच्या हातातला कागद घेतला, काहीतरी लिहिलं आणि परत दिला.

माइकवरून आवाज आला, "श्रीमती वत्सलाताईंनी मंचावर यावं."

कुणीच उठलं नाही. लोक इकडेतिकडे पाहू लागले. नाना समोरच्या समईकडे बघत होते.

"वत्सलाताई आल्या आहेत का?"

अक्कांनी पदर सारखा केला आणि मांडीवरची पिशवी माझ्याकडे दिली.

"धरा भाऊ," त्या म्हणाल्या. "माले बलाई ऱ्हायनात."