इस्पितळाच्या भिंतीवरचे पतंग

इस्पितळात वायरमन म्हणून त्याची एकतीस वर्षं गेली. आवारातले दिवे बंद करायला तो उजाडता उजाडता निघे. दिव्यांखालच्या भिंतींवर पतंग, माश्या चिकटून बसलेल्या असत. तो त्या न्याहाळत उभा राही, म्हणून सगळे त्याला पाखरूकाका म्हणत.

खरं तर हे वेड त्याच्या बायकोचं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. फुप्फुसांच्या दुखण्याने तिचं घराबाहेर पडणं थांबलं, तेव्हा तोच बाटलीतून एकेक पाखरू घरी न्यायला लागला. ती भिंगातून पाही, ओळख पटली की वहीत चित्र काढी. मग तो ते खिडकीतून सोडून देई.

"ही मधमाशी ना गं?" एकदा त्याने विचारलं.

"आधी पंख मोजा."

"दोन."

"मग साधी माशी. मधमाशीला चार असतात. हिने मधमाशीचं सोंग घेतलं आणि तुम्ही फसलात!"

ती हसली, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. बराच वेळ तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

पुढे तिला त्याच इस्पितळात ठेवावं लागलं. एका सकाळी पाण्याच्या टाकीजवळ त्याला फिकट हिरवा, तळहाताएवढा पतंग दिसला. मागच्या पंखांना लांब शेपट्या. इतक्या वर्षांत दोघांनीही असा पाहिला नव्हता. बल्बच्या रिकाम्या खोक्यात त्याला अलगद घेऊन तो जवळजवळ पळतच वॉर्डात गेला.

"काका, किडे आत नका हो आणू," नर्स म्हणाली. पण त्याचा चेहरा पाहून बाजूला झाली.

बायकोच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिने बोट स्वतःच्या कपाळाशी नेलं. त्याला कळलं.

"डोक्यावरच्या मिशा? पिसासारख्या आहेत. रुंद."

नर, असं तिच्या ओठांवरून वाचता आलं. ती पाहत राहिली. मग तिने खिडकीकडे मान वळवली.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

वहीत चित्र काढायला तो बसला, पण खोडून खोडून कागद फाटला. शेवटी त्याने नुसतं लिहिलं: टाकीजवळ, नर, तिने पाहिला.

महिन्याभराने तो साहेबांकडे गेला. "पहाटेची फेरी दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"का हो? तुम्हाला तर आवडायची."

"गुडघे दुखतात," तो म्हणाला.

आता तो दुपारी येतो आणि तळघरातल्या पाण्याच्या मोटारी सांभाळतो.