खाऱ्या पाण्यातलं आर्सेनिक

आणे गावची ज्योत्स्ना एमएस्सी करून पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत लागली होती. २००६च्या उन्हाळ्यात घरामागच्या नव्या बोअरचं पाणी तिने बाटलीत भरून नेलं. पाणी खारट लागायचं, म्हणून सहज तपासावं, एवढंच मनात होतं.

पाण्यातले धातू कणभर असले तरी वजनावरून ओळखणारं मशीन ती चालवायची. मशीनने आर्सेनिक दाखवलं, मर्यादेच्या कितीतरी वर. तिने पाणी पुन्हा मशीनला लावलं. पुन्हा तेच. घरी धाकटा भाऊ राजरत्न आणि त्याची बायको कल्याणी हेच पाणी पीत होते. कल्याणीचे दिवस भरत आले होते.

तिने लगेच फोन केला. "बोअरचं पाणी तोंडाला लावू नका. विष असंल त्यात."

"ताई, काय बोलती? कल्याणी तर रोज तेच पिती," राजरत्न म्हणाला.

कल्याणीने अन्न टाकलं. पोटातलं बाळ जरा हललं नाही की ती रडायची.

इकडे ज्योत्स्नाने वरिष्ठ वृषाली मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, "खारं आहे ना? मग शुद्ध पाण्यात नुसतं मीठ घालून लावून बघ."

त्या पाण्यातही आर्सेनिक दिसलं! मशीनमधला आर्गॉन वायू आणि मिठातलं क्लोरीन यांची जोडी जमत होती, आणि तिचं वजन नेमकं आर्सेनिकएवढं भरत होतं. मग तिने मशीनमध्ये हेलियम वायू सोडला. त्याच्या कणांवर आपटून या जोड्या मागे पडतात. आता बोअरच्या पाण्यातलं आर्सेनिक जवळजवळ नाहीसं झालं. तरी भीती जाईना. हेलियम खरं विषही झाकत असला तर? तिने त्याच पाण्यात मोजून आर्सेनिक घातलं. जेवढं घातलं, तेवढं दिसलं. म्हणजे बोअरच्या पाण्यात विष नव्हतंच.

घरी जाऊन ती सगळ्यांसमोर बोअरचं तांब्याभर पाणी प्याली.

कल्याणी म्हणाली, "ताई, मशीन आधी खोटं बोललं. आता खरं बोलतंय कशावरनं?"

ज्योत्स्नाने सगळं सांगितलं. कल्याणीने मान डोलावली, पण बाळंत होईपर्यंत ती लांबच्या विहिरीचंच पाणी प्याली. ज्योत्स्नानेही आग्रह केला नाही.

नारायणगावच्या दवाखान्यात कळा सुरू झाल्या, तेव्हा ज्योत्स्ना दाराबाहेर उभी होती. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. नर्स म्हणाली, "मुलगी आहे हो, चांगली धडधाकट." तरी आत जाऊन त्या इवल्याशा हातांची बोटं पाहीपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर आला नाही.