स्टायफलिंग म्हणजे काय?

मंडळी, आज दुपारी लेकीनं विचारलं, "आई, स्टायफलिंग म्हणजे?"

"दम कोंडेल असा उकाडा," मी म्हणाले, आणि आष्टीच्या शाळेतला आमचा पत्र्याचा वर्ग आठवला.

तिथं सरांनी हाच शब्द वाक्यात वापरायला सांगितल्ता. सगळे उन्हाळ्यावरच बोलले. मंग माझी मैत्रीण सुनंदा उठली, "माय होम इज स्टायफलिंग." दहावीआधीच तिचं लग्न ठरलं होतं.

सर म्हणाले, "वाक्य बराबर हाय. बस."

संध्याकाळी ते तिच्या वडिलांना भेटायला गेले, कितीतरी वेळ बोलत बसले. लग्न थांबलं. सुनंदा पुढं शिकली, नर्स झाली.

आज लगेच तिला फोन लावला. हसून म्हणाली, "इंग्रजीत होतं म्हणून बोलले गं. मराठीत हिंमत झालीच नसती."

मनातलं सांगायला तुम्हालाही कधी परका शब्द जवळचा वाटला का?