कारखान्याच्या तुकड्यांची गोधडी

कोऱ्या कापडाचा खळीचा वास आला की मला सालवडची आमची खोली आठवते. माझ्या माहेरी गोधडी जुन्या लुगड्यांची व्हायची. सालवडला मात्र बोईसरच्या कापड कारखान्यातून वाया गेलेले तुकडे नवरा घरी आणायचा, आणि त्यांचीच मी तान्ह्या मुलासाठी गोधडी शिवत होते. सोबतीला शेजारीण बसायची, सफाळ्याकडची. पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, "सुई खाली नाय ठेवायची बाय, पदराला टोचायची." त्या दुपारी बाळ झोपेत लोळत अर्धवट शिवलेल्या गोधडीवर आलं आणि एकदम किंचाळलं. मी हाताकडे पाहिलं, तर सुई नव्हती. झडप घालून मी त्याला उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. शेजारीण गोधडीवर तळहात दाबत सुई शोधू लागली, टाके उसवू लागली, पण सुई सापडेना. ती बाळाच्या अंगात तर शिरली नसेल, या विचाराने मी त्याला आणखीच आवळलं. मी त्याला जितकं आवळत होते, तितकं ते जास्त रडत होतं. शेजारणीने वर पाहिलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "हलू नको. पोराला हळू लांब धर." जवळ येऊन तिने माझ्याच पदरातून सुई उपसली. दोरा संपल्यावर मी सवयीने ती तिथे टोचली होती, आणि तिचं टोक बाळाच्या कानापाशी होतं. बाळ उठलं होतं ते नुसतं भुकेने. आता मुलगा माझ्यापेक्षा उंच झालाय. परगावी निघताना तो मिठी मारायला वाकतो, तेव्हा मी आधी माझा पदर चाचपते आणि मगच त्याला जवळ घेते.