देठासकट कापलेली शेवंती

आधी माफी मागतो. लिहिणं हे काही माझं काम नाही. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि तेवढ्यावर आपलं लिहिलेलं कोणी वाचावं म्हणणं म्हणजे आगाऊपणाच. पण ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. आईला तर नाहीच.

आम्ही डोंबिवलीला, मानपाड्याच्या एका चाळीत राहतो. दार आणि गटार यांच्या मधल्या पट्ट्यात, रंगाच्या रिकाम्या डब्यांत, आईची बाग आहे. तगर, जास्वंद, आणि थंडीत पिवळी शेवंती. आंघोळ झाली की आई परडी घेऊन येते, नखाने एकेक फूल खुडते आणि आत देवापुढे नेते. देठ झाडावरच राहतात.

मला मात्र लांब देठांची फुलं हवी होती. का? — सांगतो. फर्स्ट इयरला होतो. ठाण्याला एका मैत्रिणीकडे वाढदिवसाला बोलावलं होतं. तिच्या घरी मी आधी एकदा गेलेलो. टेबलावर काचेच्या फुलदाणीत उंच फुलं होती. तसलं काहीतरी घेऊन जावं असं डोक्यात बसलं. विकत का नाही घेतली? कारण मला ‘आमच्या बागेतली’ असं म्हणायचं होतं.

शेजारच्या सुलभाकाकू ब्लाऊज शिवायच्या. एकट्याच होत्या, मशीनवरच त्यांचं घर चालायचं. त्यांच्याकडून मी कात्री मागितली — प्रोजेक्टसाठी म्हणून. “कागदाला नको हां लावू मेल्या, धार जाते,” म्हणत त्यांनी दिली. सकाळी आई नळावर गेलेली असताना मी सगळी शेवंती कापली, कात्री त्यांच्या खिडकीत ठेवली आणि निघालो. मैत्रिणीच्या आईने फुलं घेत विचारलं, “बंगला आहे का रे तुमचा?” मी मान हलवली. हो म्हणून.

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. ती शेवंती आईने पूजेच्या घटासाठी राखली होती. हे मला माहीत नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. माहीत होतं.

संध्याकाळी परतलो तर हळदीकुंकवाला आलेल्या बायका डब्यांभोवती उभ्या. फुलं चोरणारे हाताने ओरबाडतात; हे देठ तर तिरके, साफ कापलेले. “देवासाठी असं कोण कापतं गं?” आई विचारत होती. “कात्री कोणाकडे असते, ते बघ ना,” कुणीतरी म्हणालं. काकू तिथेच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्या बघण्यात काय होतं? संशय? की नुसतंच बघणं? मला अजून ठरवता येत नाही. तेव्हा वाटलं, आता ह्या बोलणार — म्हणून मी आधी बोललो. म्हणालो, सकाळी काकूंना मी डब्यांपाशी बघितलं. हातात कात्री होती.

“अरे... मी?” काकू एवढंच म्हणाल्या. कात्री तर तूच नेलेली, हे त्यांना सुचलं नाही? की सुचलं, आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरापुढे आपलं कोण ऐकणार, असं वाटलं?

पुढे मी त्यांच्यावर पाळत ठेवली. कोणाशी बोलतात, आई नळावर असताना तिकडे जातात का. त्यांचं मशीन थांबलं की वाटायचं, निघाल्या सांगायला. मशीन थांबायचं ते काम नसल्यामुळे. देवाची फुलं न सोडणारी कापड काय सोडणार, अशी बोलणी सुरू झालेली. बायका ब्लाऊजपीस द्यायला कचरत होत्या. शेवटी काकू खोली सोडून कल्याणला बहिणीकडे गेल्या. निघताना त्यांनी आमची कडी वाजवली. आईने उघडलं नाही. मी आतच होतो. टेम्पो गेला तसं मला — खरं तेच लिहितो — हायसं वाटलं.

परवा त्यांची बातमी आली. चाळीतल्या एका मावशींना त्या शीळफाट्याजवळ दिसल्या. मशीन विकलंय, तिथल्या ढाब्यावर चपात्या लाटतात.

आई देवापुढे बसली होती. मागे न वळता म्हणाली, “देवाच्या फुलांना हात लावला ना तिने. तो बघतो रे सगळं.”

मी हो म्हणालो.