पाचव्या वर्षातल्या खुर्च्या

व्हर्ना पॅस्कोने आयुष्यात एकच पक्ष धरला, आणि त्याची बाजू घेताना तिचे वाक्यही एकच असे.

"आमच्या माणसांना हिशेब कळतो."

शाळेची बस चालवायची तेव्हा ती हे म्हणायची. धक्क्यावर मासे साफ करतानाही म्हणायची. तिच्या लग्नानंतर काही वर्षांनी व्याजाचे दर असे भडकले की नवऱ्याची, लाइलची, बोट बँकेने नेली. तेव्हा सरकार दुसऱ्यांचे होते. व्हर्ना ते विसरली नाही. पुढच्या प्रत्येक निवडणुकीला ती पोर्ट हॅलमच्या शाळेच्या फाटकाशी उभी राहिली आणि मतदारांच्या हातात पक्षाच्या चिठ्ठ्या देत राहिली. इथे मत देताना प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे पसंतीचा आकडा लिहायचा, सर्वांत आवडत्याला एक; कुठल्या नावापुढे कितवा ते चिठ्ठीवर छापलेले असते. एक नाव सुटले तरी मत बाद.

फाटकाच्या दुसऱ्या बाजूला ग्वेंडा लॉब उभी असायची. पोस्टातून निवृत्त, सध्या सरकारात असलेल्या त्या दुसऱ्या पक्षाची.

"तुमचा पक्ष म्हणजे लग्नघरातला आचारी," व्हर्ना म्हणायची. "दुसऱ्याच्या पैशानं हात सैल."

"आणि तुमचा? उंदरानं चीज नेलं तर त्याच्याकडं पावती मागेल."

दोघींतली एक शौचालयाला गेली की तिच्या चिठ्ठ्या दुसरी वाटायची. प्रामाणिकपणे. इथला रिवाजच तो.

मग लाइलची मूत्रपिंडे गेली. आठवड्यातून तीनदा रक्त साफ करून घ्यायला शहर गाठावे लागे. दोन तास जायचे, दोन यायचे, पहाटेच्या अंधारात रस्त्यावर कांगारू. परतताना तो पांढराफटक पडलेला असे, आणि गाडी व्हर्ना चालवत असे. शहरात घर घ्यावे असे ती एकदा म्हणाली. लाइल खिडकीतून समुद्राकडे बघत राहिला.

"दोन हिवाळे काढतो मी या रस्त्यावर," तो म्हणाला. "मग बस्स, म्हातारे. मग मला इथंच राहू दे."

बस्स म्हणजे काय ते तिला कळले. तिने पुन्हा विचारले नाही.

म्हणूनच तिच्या पक्षाने जेव्हा जाहीर केले, की आम्ही निवडून आलो तर पोर्ट हॅलमच्या दवाखान्यात डायलिसिसच्या चार खुर्च्या येतील, तेव्हा व्हर्ना स्वयंपाकघरात उभी राहून रडली. सरकारने याच खुर्च्या दोनदा नाकारल्या होत्या.

उमेदवार ट्रिस्टन हॅडो स्वतः घरी आला. तरुण, पांढरेशुभ्र दात, सोबत फोटोवाला. फोटोवाल्याला लाइलच्या हातात चहाचा मग हवा होता. घरगुती वाटते म्हणे.

"एक घोट घ्या ना, काका. हं. अजून एक. आता हसून."

लाइलला दिवसाला मोजके पाणी. जास्त झाले तर ते फुप्फुसात साचते. पाहुण्यांचा मान म्हणून त्याने घोट घेतले. दिवसभराचा वाटा फोटोत संपला. संध्याकाळभर तो बर्फाचा एकच खडा गालात इकडून तिकडे फिरवत बसला.

"फोटो चांगला आला पाहिजे," तो म्हणाला. "महाग पडलाय."

प्रचार तापला. अर्थमंत्री रोज रेडिओवर. विरोधकांच्या हिशेबात अब्जावधींचा खड्डा आहे, पैसा आणणार कुठून? विरोधी पक्षनेता म्हणे, देश तुम्ही बुडवलात, आमचे आकडे वेळेवर येतील. वाण्याच्या दुकानात, भाज्यांच्या फळीसमोर, ग्वेंडाने तोच प्रश्न केला.

"खुर्च्यांना पैसा कुठून आणणार गं?"

"आमच्या माणसांना हिशेब कळतो," व्हर्ना म्हणाली. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे.

बुधवारी लाइलने शहरात, उपचारानंतर, मुदतीआधीचे मतदान उरकून टाकले. पक्षाच्या नावापुढे एक.

गुरुवारी दुपारी पक्षाच्या हिशेबाचे आकडे आले. मतदानाला एक दिवस मधे. अर्ध्या देशाची मते तोवर पेटीत गेलेली. रेडिओवरची बाई शांत आवाजात सांगत होती, की विरोधी पक्षाने खड्डा बुजवला आहे. काही कामे मागे ढकलून. किनाऱ्यावरच्या गावांतल्या डायलिसिसच्या खुर्च्या आता पाचव्या वर्षी येतील.

व्हर्नाने हॅडोला फोन लावला.

"पाचव्या का?"

"व्हर्ना, एक लक्षात घ्या. हिशेब चार वर्षांचाच मांडायचा असतो. पाचव्या वर्षीचा खर्च त्या कागदावर येतच नाही."

"म्हणजे कागदावर खुर्च्यांना शून्य खर्च."

"बरोबर!" तो खूष झाला. "आणि आश्वासन कायम. रद्द काही झालं नाही. जरा पुढं सरकलंय, एवढंच."

"लाइल पुढं सरकणार नाही," ती म्हणाली. पण पलीकडे दुसरा फोन वाजत होता.

तिने आयुष्यभर ज्यांच्या हिशेबाची शपथ घेतली त्यांनी हिशेब बरोबरच केला होता. एकही आकडा चुकला नव्हता. एका माणसाचे मरण तेवढे त्यांनी पानाबाहेर ठेवले होते.

लाइलने सगळे ऐकले. मग म्हणाला, "तो चहा तरी परत मागून घे."

शनिवारी, मतदानाच्या दिवशी, ती फाटकाशी येणार नाही असे सगळ्यांना वाटले होते. ती आली. पक्षाचा शर्ट घालून, चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन. लाइल घरी एकटा बसायला तयार नव्हता, म्हणून तो गाडीत, झाडाखाली. मतदारांसाठी आवारात सॉसेज भाजल्याचा वास फाटकापर्यंत येत होता.

ग्वेंडाच्या हातात चिठ्ठ्यांबरोबर नवे पत्रक होते. त्यावर लाइल, मगासकट. खाली ठळक अक्षरांत: विरोधकांनी लाइलला फसवले.

व्हर्नाने ते वाचले. ज्यांनी दोनदा नाही म्हटले, त्यांनी तिच्या स्वयंपाकघरातला फोटो उचलला होता. विचारायलाही कोणी आले नव्हते.

"व्हर्ना, शहरातून गठ्ठे आले गं," ग्वेंडा पुटपुटली. "मी नाही छापले."

"वाटतेयस तर तूच."

तेवढ्यात हॅडो आला. दोन हातांत दोन कॉफ्या, मागे टीव्हीचा कॅमेरा. त्याने एक कॉफी व्हर्नाला दिली आणि खांद्यावर हात ठेवला.

"ही आमची व्हर्ना! अशी माणसं आहेत म्हणून पक्ष आहे."

व्हर्नाने कॉफी कुंपणाच्या खांबावर ठेवली. गठ्ठा त्याच्या हातात दिला.

"एवढं धर, बाळा. मी शौचालयात जाऊन येते."

"हो हो. येताय ना लगेच? आठला इथं, दहाला पुढच्या गावात आहे मी."

"येणं रद्द नाही," ती म्हणाली. "जरा पुढं सरकलंय, एवढंच."

कॅमेऱ्यामागचा माणूस हसला. ग्वेंडाही फस्सकन हसली.

व्हर्ना गर्रकन वळली. "तू हसू नकोस, ग्वेंडा! तुझ्या हातातल्याला तहान लागलीय."

ग्वेंडाने पत्रकाकडे पाहिले, मगाकडे पाहिले. तिचे हसू विरले. वाकून तिने पत्रके आपल्या घडीच्या खुर्चीखाली पालथी ठेवली आणि नुसत्या चिठ्ठ्या घेऊन उभी राहिली.

व्हर्ना आत गेली. शर्टावरून पक्षाचे चिन्ह आत नेता येत नाही, म्हणून दाराशी तिने तो काढला. आत घातलेल्या जुन्या स्वेटरनिशी मतदान केले. शर्ट तिथल्या बाकावर राहिला. बाहेर हॅडो हातातल्या गठ्ठ्यासह रस्त्याकडे बघत होता. ती त्याच्या समोरून गाडीकडे गेली आणि स्टिअरिंगमागे बसली.

"झालं?" लाइलने विचारले.

"झालं."

"आपल्यांना कितवा दिलास?"

"पाचवा."

"आणि ग्वेंडाच्यांना?"

"सहाच नावं होती."

तो हसला, मग त्याला धाप लागली. तिने थर्मास उघडून बर्फाचा खडा त्याच्या ओंजळीत ठेवला.

"माझं तर गेलं," तो म्हणाला. "बुधवारीच. एक नंबर."

व्हर्नाने गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती नुसती बसली. काचेपलीकडे हॅडो कुणाच्या तरी हातात चिठ्ठी देत होता आणि ते पांढरेशुभ्र दात दाखवत होता.

"सोमवारी शहराला निघायच्या आधी पेट्रोल भरायला हवं," शेवटी ती म्हणाली.